वॉर्डातलं भौतिकशास्त्र आणि एक लाख कोटींचा प्रश्न

रात्री दोनच्या सुमारास कॅज्युअल्टीतून फोन येतो. बिडीमुळे फुप्फुसं खराब झालेला जुना रुग्ण आलेला असतो. धाप एवढी की वाक्य पुरं होत नाही आणि आता तर गुंगीही येऊ लागलेली. मनगटाच्या धमनीतून थोडं रक्त घ्यायचं आणि यंत्राकडे धावायचं. दोन-तीन मिनिटांत कागदाची पट्टी बाहेर येते. पीएच ७.२१, कार्बन डायऑक्साइड ७८. निरोगी माणसाचा पीएच ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्ट्यात असतो. म्हणजे रक्तात आम्ल साठतंय आणि नुसता ऑक्सिजन वाढवून भागणार नाही, श्वासाला यंत्राचा आधार द्यावा लागणार. निर्णय होतो, सकाळपर्यंत रुग्ण डोळे उघडून चहा मागतो.

तीस वर्षं मी हे करत आलो. ती पट्टी ज्या भौतिकशास्त्रातून येते, त्याचा विचार मात्र फार उशिरा केला. जुलै २०२५मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास व नवोन्मेषासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तेव्हा तो विचार पुन्हा डोकं वर काढू लागला.

पीएच मोजणाऱ्या अनेक यंत्रांचं काळीज म्हणजे काचेचा एक पातळ पडदा. काच वीज वाहून नेत नाही, असं आपण शाळेत शिकलो. ते तारेतल्या विजेपुरतं, म्हणजे इलेक्ट्रॉनपुरतं बरोबर आहे. पण विशिष्ट प्रकारच्या काचेत विद्युतभार असलेले अणू, म्हणजे आयन, हळूहळू सरकू शकतात. पडद्याच्या पृष्ठभागावर रक्तातले हायड्रोजन आयन येतात, आतल्या सोडियम किंवा लिथियमच्या आयनांची सरकासरक होते आणि पडद्याच्या दोन बाजूंत काही मिलिव्होल्टचा फरक पडतो. आम्हाला दिसणारा पीएचचा आकडा या फरकावरूनच काढलेला असतो.

घन पदार्थातून आयन जातात, हे मायकल फॅरडेने १८३०च्या दशकात पाहिलं होतं. शिशाचं फ्लोराइड तापवलं की ते वीज वाहू लागतं, हे त्याने नोंदवलं. त्यातून उद्या काय मिळेल, हे त्या वेळी कुणालाच सांगता आलं नसतं. काचेच्या पडद्याचा हा गुण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात समजला. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली, तेव्हा त्याचा खरा कस लागला. तिथल्या ब्लेगडॅम रुग्णालयात श्वास अडकलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण दगावले. रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं होतं, म्हणून डॉक्टरांना वाटलं, रक्त अल्कधर्मी झालंय. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन म्हणाले, नाही, हा कोंडलेला कार्बन डायऑक्साइड आहे. पीएच मोजला आणि ते खरे ठरले. मग श्वासनलिकेला छेद देऊन, नळी घालून, सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हातांनी फुगे दाबत रुग्णांना श्वास दिला. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथली मानली जाते.

दुसरी गोष्ट हृदयाची. १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. तो काही तासांतच बंद पडला. लार्सन पुढे ८६ वर्षांपर्यंत जगले, पण त्यासाठी त्यांना वीसहून अधिक पेसमेकर बदलावे लागले. अडचण मुख्यतः बॅटरीची होती. तेव्हाच्या पारा-जस्त बॅटऱ्या दोनेक वर्षांत संपायच्या आणि प्रत्येक वेळी नवी शस्त्रक्रिया. १९७२मध्ये लिथियम-आयोडीनची बॅटरी असलेला पेसमेकर प्रथम माणसाच्या शरीरात बसला. या बॅटरीत द्रव नाही. लिथियम आणि आयोडीन एकमेकांना टेकले की मध्ये लिथियम आयोडाइडचा पातळ थर आपोआप तयार होतो. तो दोघांना वेगळं ठेवतो, पण लिथियमच्या आयनांना वाट देतो. थराला तडा गेलाच, तर तिथे नवं लिथियम आयोडाइड तयार होऊन तो बुजतो. जखमेवर खपली धरावी तसं. दोन वर्षांचं आयुष्य सात-दहा वर्षांवर गेलं आणि कित्येक वृद्धांच्या शस्त्रक्रिया टळल्या.

तिसरी गोष्ट प्रकाशाची. किरण सरळ रेषेत जातो, आरशावरून परततो, काचेत शिरताना वाकतो, ही प्रकाशाची भूमिती आपण दहावीला शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. काचेतला किरण तिच्या कडेवर पुरेसा तिरका आदळला, तर तो बाहेर पडतच नाही, आतच परततो. हे पूर्ण आंतरिक परावर्तन. पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात हजारो बारीक काचतंतूंची जुडी केली, तिच्यातून चित्र पलीकडे पाठवलं आणि जानेवारी १९५४च्या ‘नेचर’मध्ये ते प्रसिद्ध केलं. ते वाचून बेसिल हर्शोविट्झ नावाचे पोटविकारतज्ज्ञ अमेरिकेतून लंडनला गेले. जुडीतले उघडे तंतू एकमेकांना टेकले की प्रकाश गळायचा. मिशिगन विद्यापीठातल्या लॅरी कर्टिस या पदवीच्या विद्यार्थ्याने तंतूवर कमी अपवर्तनांकाच्या काचेचं वेष्टन चढवलं आणि गळती थांबली. १९५७मध्ये हर्शोविट्झनी ती लवचीक दुर्बीण आधी स्वतःच्या घशातून आत घातली, नंतर रुग्णांच्या. आज दुर्बिणीच्या टोकाला छोटा कॅमेरा असतो, पण अनेक दुर्बिणींत पोटातला अंधार उजळणारा प्रकाश अजूनही काचेच्या तंतूंतूनच जातो.

या तिन्ही गोष्टींत एक धागा समान आहे. फॅरडे पेसमेकरसाठी काम करत नव्हता. काचेतून आयन कसे सरकतात हे तपासणाऱ्यांच्या मनात पोलिओचे रुग्ण नव्हते. आधी ‘हे असं का होतं?’ हा प्रश्न आला आणि उपयोग पुष्कळ वर्षांनी, भलत्याच दारातून आत आला.

आता आजच्या प्रश्नाकडे येऊ. एक लाख कोटींची ही योजना मुख्यतः खासगी क्षेत्रासाठी आहे. कमी व्याजाची दीर्घ मुदतीची कर्जं आणि भांडवल असं तिचं स्वरूप आहे. तंत्रज्ञानाच्या तयारीच्या ज्या नऊ पायऱ्या मानतात, त्यांतल्या चौथ्या आणि त्यापुढच्या पायरीवरचे प्रकल्प तिला हवे आहेत. सोप्या भाषेत, कल्पना प्रयोगशाळेत चालते हे दिसलेलं असलं पाहिजे. ही योजना वाईट नाही. २०२२च्या उन्हाळ्यात पुण्यासह काही ठिकाणी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या. बॅटरीतला ज्वलनशील द्रव काढून त्या जागी आयन वाहणारा घन पदार्थ वापरायची शर्यत जगभर लागली आहे. त्यात उतरायचं तर उद्योगांना असं भांडवल लागणारच.

पण चौथ्या पायरीवर चढायचं, तर आधीच्या तीन पायऱ्या कुणी तरी बांधलेल्या असाव्या लागतात. संशोधनावर भारताचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के आहे. चीनचा दोन टक्क्यांहून बराच पुढे आणि दक्षिण कोरियाचा पाच टक्क्यांच्या आसपास. २०२३च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झालं. पाच वर्षांत ५० हजार कोटींचं लक्ष्य, पण त्यातले सुमारे ३६ हजार कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. ‘असं का होतं?’ या प्रश्नाला देणगीदार सहज मिळत नाहीत, आणि कर्जाने तर तो सुटत नाहीच. परतफेड कशातून करणार? फॅरडेला हप्ते भरावे लागले असते, तर त्याने शिशाचं फ्लोराइड तापवलंच नसतं.

माणसं आपल्याकडे नाहीत असंही नाही. नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात आयनवाहक घन पदार्थांवर आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या वायुसंवेदकांवर अनेक वर्षं काम झालं आहे. याच महाराष्ट्रात विद्यावेतनासाठी संशोधक विद्यार्थी उपोषणाला बसलेलेही आपण पाहिले आहेत. ज्या वयात कर्टिसने काचेवर काच चढवली, त्या वयातली आपली मुलं अर्जांचा पाठपुरावा करत असतात.

याची किंमत वॉर्डात मोजावी लागते. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी असताना रक्तातले वायू मोजणारं यंत्र कित्येक आठवडे झाकून ठेवलेलं होतं. बिघाड मोठा नव्हता, फक्त एक इलेक्ट्रोड संपला होता. तो परदेशातून यायचा होता आणि त्याआधी फाइल टेबलांवरून फिरायची होती. तोवर आम्ही रुग्णाच्या श्वासाकडे आणि ओठांच्या रंगाकडे बघून अंदाज बांधत होतो. काही अंदाज बरोबर आले, सगळे आले नाहीत. बोटाएवढी ती वस्तू इथे बनत नाही, कारण तिच्यामागचं शास्त्र आपण परीक्षेपुरतं ठेवलं.

दोष फक्त सरकारचा नाही, आम्हा डॉक्टरांचाही आहे. माझ्या रुग्णालयापासून भौतिकशास्त्राचं महाविद्यालय चालत दहा मिनिटांवर आहे. आमचं काय अडतं, हे सांगायला मी तीस वर्षांत एकदाही तिथे गेलो नाही. हर्शोविट्झ समुद्र ओलांडून गेले होते.

म्हणून मागणं साधं आहे. उद्योगांना भांडवल जरूर द्या, पण त्याच हिशेबात पहिल्या तीन पायऱ्यांसाठी वेगळी, परतफेड न मागणारी रक्कम राखून ठेवा. विद्यावेतन पगारासारखं ठरल्या तारखेला द्या. वैद्यकीय महाविद्यालयं आणि विद्यापीठांचे विज्ञान विभाग यांना एकत्र काम करण्यासाठी थोडा निधी आणि हक्काची जागा द्या. यातून उद्या काय निघेल, हे मला सांगता येणार नाही. पण पुढच्या वेळी रात्री दोन वाजता यंत्रातून पट्टी बाहेर येईल, तेव्हा तिच्यामागे आपलंही थोडं काम असावं, एवढंच वाटतं.