यादी आई-बापाच्या हातात द्या

पावसाळ्यात शहापूर-मुरबाडकडच्या घरांत पेटी उघडली की डांबरगोळ्यांचा वास येतो. बाळंतपणासाठी जपलेली मऊ दुपटीही त्याच पेटीत असतात. बहुतेक बाळांना त्याने काही होत नाही. पण ज्या बाळाच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम जन्मतःच कमी आहे, त्याच्या लाल पेशी या गोळ्यांमुळे फुटू शकतात. मूल फिकट-पिवळे पडते, धापा टाकते, लघवी कोऱ्या चहासारखी होते. घरचे म्हणतात कावीळ, आणि कावीळ उतरवणाऱ्याकडे फेऱ्या सुरू होतात. त्या फेऱ्यांतच रक्त चढवण्याची वेळ निघून जाते.

ही बाहेरची बाधा नव्हे, चयापचयाचा आनुवंशिक दोष आहे. 1956 हे साल आपल्या वाचकांना वेगळ्या कारणाने पाठ आहे. त्याच वर्षी अमेरिकेत, प्रायमाक्विन या हिवतापाच्या गोळीने काही जणांचेच रक्त का फुटते हे शोधताना हा दोष सापडला. व्हायवॅक्स हिवतापात ती गोळी आजही 14 दिवस देतात, आणि हिवताप आपल्याकडे नवा नाही. गोळी वाईट नाही. या मुलाला न विचारता देणे वाईट.

मुलग्यात हा दोष आईकडून येतो आणि त्रास जास्त करून मुलग्यांनाच होतो. म्हणून सासरी बोल तिलाच. जणू तिने तो निवडून आणला होता!

दोष मुळातून घालवणारे औषध नाही. काय टाळायचे हे माहीत असणे, हाच रोजचा उपचार. मग ते माहीत कुणाला हवे? रिपोर्ट इंग्रजीत आणि वर ‘यांना काय कळणार’ हा शेरा, हे आम्हाला मान्य नाही. बचत गटाचा हिशेब तोंडपाठ असणाऱ्या आईला प्रायमाक्विन, डॅप्सोन, नायट्रोफ्युरान्टॉइन ही तीन नावे जड नाहीत. बाकीची डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्यावीत. मुलाच्या लसीकरणाच्या कार्डावर लाल शाईत दोषाचे नाव असावे, आशाताईंना आणि शाळेतल्या बाईंना ते ठाऊक असावे.

एक गोष्ट फार थोडे सांगतात. रक्त फुटल्यावर लगेच केलेली तपासणी कधी कधी खोटी ‘नॉर्मल’ येते. सुमारे तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी. त्यासाठी मुरबाडहून एसटीने कल्याण आणि पुढे लोकलने मुंबई गाठावी लागली, रोज बुडाला, तरी जावे.