कात्री बागेची असावी

सप्टेंबर उजाडला की नाशिक, सांगली, सोलापूर आणि जुन्नर पट्ट्यात द्राक्षांच्या फळछाटणीची गडबड सुरू होते. पावसाचा अंदाज घेतला जातो, डोळे तपासायला काड्या प्रयोगशाळेत जातात, डोळे फुटावेत म्हणून लावायच्या हायड्रोजन सायनामाईडची मात्रा ठरते, डाऊनी रोगाच्या फवारण्यांचे वेळापत्रक तयार होते. मात्र ज्या कात्रीने छाट पडणार, तिची चौकशी फार थोड्या बागांत होते. कात्री मजुरांच्या टोळीबरोबर येते आणि टोळीबरोबर पुढच्या बागेत जाते. ही पद्धत बदलली पाहिजे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

थोडा हिशेब करू. नऊ बाय पाच फुटांच्या लागवडीत एकरी सुमारे ९६८ वेली बसतात. वेलीला ३५ काड्या धरल्या तर एका एकरात एका छाटणीत जवळपास ३४ हजार छाट पडतात. आपल्याकडे वर्षातून दोन छाटण्या होतात, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. प्रत्येक छाट ही वेलीची उघडी जखम असते. द्राक्षवेलीचे लाकूड जखम भरून काढत नाही. छाटापासून ते आतल्या बाजूला वाळत जाते. बोट्रिओडिप्लोडियासारख्या बुरशी याच वाटेने शिरतात आणि पुढे ओलांडेच्या ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे फाटे, मर लागून जातात. जिवाणूजन्य करपा तर रोगट वेलीवरून निरोगी वेलीवर कात्रीच्या पात्यावरूनच पोहोचू शकतो. कालची बाग रोगट होती की निरोगी, हे आज आपल्या बागेत आलेल्या कात्रीवरून कळत नाही.

आता निवडीविषयी. बाजारात दोन प्रकारच्या कात्र्या मिळतात. एकीत धारदार पाते सपाट पट्टीवर येऊन आपटते. दुसरीत ते आकड्यासारख्या पात्याच्या बाजूने सरकून जाते. पहिली काडी चेपते, म्हणून ती वाळलेल्या लाकडापुरती ठेवावी. जिवंत काडीसाठी दुसरीच घ्यावी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये छाटणीची कात्री आली, त्याआधी तिथे बाकदार चाकूने छाटणी होत असे. कात्री काडी चेपते, असा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता आणि तो आजही खरा आहे, कारण आकड्याकडची बाजू थोडी दबतेच. म्हणून कात्री धरताना धारेचे पाते वेलीवर राहणाऱ्या भागाकडे आणि आकडा टाकून द्यायच्या भागाकडे असावा. मजुराला हे एकदा हातात कात्री देऊन दाखवले की पुन्हा सांगावे लागत नाही.

साध्या कात्रीने अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंतचीच काडी तोडावी. त्यापुढे लांब दांड्यांची कात्री आणि ओलांडा किंवा खोड कापायचे असेल तर करवत. जाड लाकडात लहान कात्री घालून पिळली की तिचा मधला बोल्ट ढिला होतो आणि नंतरचा प्रत्येक छाट फाटका पडतो. पकड हाताच्या मापाची हवी. बहुतेक कात्र्यांची मूठ मोठ्या हातासाठी असते, आणि छाटणीला येणाऱ्या अनेक स्त्रियांना दिवसभर तीच दाबावी लागते. त्यांच्यासाठी लहान मुठीची कात्री घेणे हा बागेच्या कामाचाच भाग आहे. बॅटरीवरच्या कात्रीने मनगटाचा ताण वाचतो, पण ती बोटही तितक्याच सहज तोडते. शिकवल्याशिवाय ती कोणाच्या हाती देऊ नये. खरेदी करताना पाते, स्प्रिंग आणि बोल्ट सुटे मिळतात का, हे आधी विचारावे.

निगा सोपी आहे. धार फक्त पात्याच्या उतरत्या बाजूला लावावी, सपाट बाजूची कड हलकेच साफ करावी. माणशी दोन कात्र्या ठेवल्या तर एक चालू असताना दुसरी निर्जंतुक होते. ओळ संपली की कात्री बदलावी. पाते ७० टक्के अल्कोहोलने पुसावे. हायपोक्लोराइट वापरले तर कात्री धुऊन, कोरडी करून तेल द्यावे, नाहीतर पोलाद गंजते. रोगट वेली खुणा करून शेवटी छाटाव्यात आणि जाड लाकडावरच्या मोठ्या छाटांना बोर्डो पेस्ट लावावी. छाट डोळ्याला खेटून घेऊ नये. वर बोटभर काडी राखावी, म्हणजे वाळवण डोळ्यापर्यंत उतरत नाही.

याला जोडून मजुरांच्या हातांचा प्रश्न येतो. छाटणीमागोमाग तीच माणसे डोळ्यांना हायड्रोजन सायनामाईडचे पेस्टिंग करतात. बोथट कात्रीने हाताला फोड येतात, सुटलेल्या पात्याने बोटे कापतात, आणि त्याच हातांवर हे दाहक रसायन येते. चांगले हातमोजे द्यावेत, जखमी हाताच्या माणसाला पेस्टिंगला लावू नये आणि त्या दिवसांत दारू पिणे जिवावर बेतू शकते, हे प्रत्येकाला स्पष्ट सांगावे.

खर्चाची आणि वेळेची अडचण आम्ही जाणतो. मजुरी एकरावर ठरली की टोळीला घाई असते आणि ओळीगणिक थांबणे तिला परवडत नाही. म्हणून या थांबण्याचे पैसे मुकादमाशी आधीच ठरवावेत. लहान बागायतदारांनी गावातल्या गटामार्फत कात्र्या एकत्र घ्याव्यात, छाटणीआधी एक दिवस धार लावण्यासाठी ठेवावा आणि त्याच दिवशी छाट कसा घ्यायचा ते मजुरांना दाखवावे. औषधांवर होणाऱ्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे. एखादी फवारणी चुकली तर तो हंगाम अडचणीत येतो. ओलांड्यात शिरलेला रोग मात्र वेल असेपर्यंत पिच्छा सोडत नाही. छाटायला कोणीही येवो, त्याच्या हातातली कात्री आपण निवडलेली, आपण धार लावलेली आणि आपल्याच बागेत राहणारी असावी.