मन खंबीर करा, म्हणणाऱ्यांस

मनाच्या दुखण्याचा विषय निघाला की सुशिक्षित घरांतही एक पूर्वपक्ष मोठ्या ठामपणे मांडला जातो: वाडवडिलांनी दुष्काळ सोसले, प्लेग सोसला, सावकाराचे कर्ज सोसले, पण डिप्रेशनची कैफियत घेऊन कोणी डॉक्टरच्या दारी गेले नाही, हल्लीच्या माणसाचे मनच दुबळे, आणि दुबळ्या मनाला खंबीरपणाखेरीज दुसरे औषध नाही. हे म्हणणारी माणसे बहुधा रुग्णाची जिवाभावाची असतात, त्यांच्या हेतूविषयी मला संशय नाही. पण म्हणूनच त्यांचे म्हणणे खोडून काढणे अधिक निकडीचे, कारण परक्याची हेटाळणी माणूस सोसतो, आपल्यांच्या तोंडून तीच ऐकली की उरलासुरला धीरही जातो.

पूर्वी ही दुखणी नव्हती, हे विधान तर क्षणभरही टिकत नाही. चरकसंहितेत उन्मादाच्या निदानाला आणि चिकित्सेला स्वतंत्र अध्याय आहेत. सूत्रस्थानात दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या जोडीने, अहितकर विषयांपासून मनाला परावृत्त करणारी सत्त्वावजय ही तिसरी चिकित्सा सांगितली आहे. गाणगापूरला बाधा झाली म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नेलेल्या माणसांत मनाचे रुग्ण किती असतील, याचाही विचार या मंडळींनी करावा. दाद मागायला दुसरे दार नव्हते, म्हणून ती देवाच्या दरबारी मागितली जात होती.

दुबळेपणाचा आरोप मात्र सविस्तर उत्तरास पात्र आहे. तालुक्याच्या कचेरीत वर्षानुवर्षे चोख काम केलेला एखादा अव्वल कारकून डोळ्यांसमोर आणा. पहाटे तीनला त्याला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. दिवसाचा सर्वांत जड प्रहर सकाळचा. समोरच्या फेरफाराच्या अर्जातली एकच ओळ तो पुनःपुन्हा वाचतो, पण शेरा मारण्यासाठी हात उचलत नाही. मुलीच्या निकालाचा पेढा बशीत तसाच राहतो. ज्या इच्छाशक्तीच्या बळावर त्याने खंबीर व्हावे अशी आपली अपेक्षा, तीच या आजारात आधी क्षीण झालेली असते. तेव्हा त्याला खंबीर हो म्हणून बजावणे म्हणजे खांदेसूज आलेल्या बैलाला पराणी टोचणे होय.

खंबीरपणाचे कैवारी गीतेचा आधार घेतात, म्हणून गीतेकडेच वळू. पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग. गात्रे गळाली, तोंडाला कोरड पडली, धनुष्य हातातून निसटू लागले, मन भ्रमू लागले, अशी आपली अवस्था अर्जुन स्वतः सांगतो, आणि श्रीकृष्ण ती जवळजवळ मौनाने ऐकून घेतात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते त्याला हृदयाचा दुबळेपणा टाकून उठण्यास सांगतात खरे. पण परिणाम काय झाला? अर्जुन पुन्हा आपलेच दुःख मांडतो, लढणार नाही म्हणतो आणि गप्प बसतो. प्रत्यक्ष भगवंतांनी केलेली कानउघाडणी जिथे पुरी पडली नाही, तिथे आपल्या चहाच्या टेबलावरच्या उपदेशाची मातब्बरी किती? खरा संवाद त्यानंतर सुरू होतो आणि अठराव्या अध्यायापर्यंत चालतो. मध्ये सहाव्या अध्यायात मन वाऱ्यासारखे अनावर आहे ही अर्जुनाची तक्रार श्रीकृष्ण निःसंशय मान्यही करतात. अर्जुनाला रुग्ण ठरवण्याचा माझा हेतू नाही. विषादग्रस्ताचे आधी ऐकून घ्यावे, प्रश्न विचारण्याची त्याला मुभा द्यावी आणि उत्तर देताना थकू नये, हा क्रम मात्र त्या ग्रंथाने घालून दिला आहे.

एकत्र कुटुंबाचा आधार मोठा, हे पूर्वपक्षाचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र त्यातून निष्कर्ष निराळा निघतो. गेल्या शतकाच्या मध्याला अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना त्यांच्याजवळ राहण्याची तजवीज केली. तिथे घरची माणसे वैद्यकीय उपचाराच्या जोडीला होती, उपचाराच्या ऐवजी नव्हती. आपल्या घरांत नेमके उलटे घडते: आम्ही आहोत ना, मग गोळ्या कशाला, असे म्हणून प्रेमाच्या नावाखाली औषध बंद केले जाते, आणि दुखणे उलटले की पुन्हा रुग्णालाच दोष.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 12 राज्यांत शंभरांपैकी दहाहून अधिक प्रौढ मनाच्या कोणत्या ना कोणत्या विकाराने ग्रस्त आढळले, आणि त्यांतील बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेलाच नव्हता. इतकी माणसे केवळ भित्री आहेत म्हणून आजारी पडली, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीची वागणूक देण्याचे बंधन घातले. आत्महत्येचा प्रयत्न करणारा इसम, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरण्यास सांगितले आणि त्याच्या शुश्रूषेची जबाबदारी सरकारवर टाकली. कायद्याला जी करुणा साधली, ती घरातल्या वडीलधाऱ्यांना साधू नये, याचे मला दुःख होते.

त्या कारकुनाच्या घरच्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञाची वेळ विचारून घ्यावी, सोबत जावे, आणि गोळ्यांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात हे आधीच समजून घ्यावे. आज रात्रीच कोणाशी बोलावेसे वाटले, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक अहोरात्र चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येते.