पहिला नंबर काढणारे तुम्ही कोण?

कुठल्या दशकात कोणता बॉक्सर सर्वांत मोठा, यावर आपली पोरं रात्र रात्र भांडतात. कुणी म्हणतो अली, कुणी टायसन, कुणी जो लुई. जाणकार मंडळी दशकवार याद्या छापतात आणि आपण त्या पाठ करतो. बापहो, पाठ करण्याआधी वही तपासा. लढती कुणाच्या नोंदल्यात ते बघा. आणि लढूच दिलं नाही कुणाला, तेही बघा.

१८८२ ते १८९२, जॉन एल. सलिव्हन हा हेवीवेटचा राजा. त्या दशकाचा मानकरी म्हणून त्याचंच नाव घेतात. जगातल्या कुणालाही लोळवीन अशी त्याची बढाई. फक्त काळ्याशी लढणार नाही, असं तो उघड सांगायचा. आणि पीटर जॅक्सन नावाचा काळा गडी, ऑस्ट्रेलियाचा विजेता, तेव्हा अमेरिकेत येऊन उभा होता. १८९१ साली सॅन फ्रान्सिस्कोत तो जेम्स कॉर्बेटशी ६१ फेऱ्या लढला. ६१! निकाल लागला नाही. पुढच्याच वर्षी त्याच कॉर्बेटनं सलिव्हनला झोपवून किताब घेतला. जॅक्सनला मात्र किताबाची लढत जन्मात मिळाली नाही. आता सांगा, त्या दशकाचा पहिला नंबर कुणाचा? छातीवर हात ठेवून सांगा.

मग जेम्स जेफ्रीज. १८९९ पासून किताब याच्याकडं. तो पणाला लावून हा एकाही काळ्याशी लढला नाही आणि १९०५ साली अजिंक्य म्हणून घरी बसला. अशी अजिंक्यता स्वस्तात मिळते. जॅक जॉन्सनला नंतर विजेता झालेल्या टॉमी बर्न्सच्या मागं पार सिडनीपर्यंत जावं लागलं. २६ डिसेंबर १९०८ ला जॉन्सननं त्याला ठोकला आणि काळा माणूस पहिल्यांदा हेवीवेटचा जगज्जेता झाला. तेव्हा गोऱ्यांना जेफ्रीजची आठवण आली. त्याला शेतावरून उठवून आणला. ४ जुलै १९१०, रेनो. पंधराव्या फेरीत जॉन्सननं त्याचा निकाल लावला. त्या रात्री अमेरिकेत शहरोशहरी काळ्यांवर हल्ले झाले, माणसं मारली गेली. जिंकला एक, आणि सूड उगवला सगळ्या वस्तीवर. याचा अर्थ आपल्याला कुणी शिकवायला नको.

रिंगणात जमेना म्हणून कोर्ट काढलं. १९१३ साली गोऱ्या बाईच्या निमित्तानं जॉन्सनला कायद्यात अडकवून दोषी ठरवला. सरकारची माफी मिळाली २०१८ साली. माणूस मरून ७२ वर्षं झाली होती.

कुणी म्हणेल, ‘द रिंग’ मासिक काढणाऱ्या नॅट फ्लायशरनं आपल्या यादीत जॉन्सनलाच पहिला नंबर दिला होता. दिला की. आणि दुसरा दिला जेफ्रीजला. त्याच अजिंक्याला!

मग म्हणाले, माणसं पक्षपात करतात तर यंत्राला विचारू. १९६७ साली कॉम्प्युटरला जुन्या-नव्या हेवीवेटांचे आकडे घालून रेडिओवर लढती लावल्या. यंत्रानं काय करावं? जेफ्रीजकडून अलीला हरवलं! अली कोर्टात गेला. पुढं १९७० साली अली आणि मार्सियानोचा सिनेमा आणला. अमेरिकेत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला. युरोपात दाखवला तेव्हा अली जिंकला. लढत एक, निकाल दोन, गिऱ्हाईक बघून. यंत्राला जात नसते म्हणतात. त्याला घास भरवणाऱ्याला असते ना?

यावर पांढरपेशे म्हणतील, हे सगळं भूतकाळातलं रडगाणं आहे, शेवटी ज्याच्या मनगटात जोर तोच वर जातो. हेच ते दरवर्षी कॉलेजचे प्रवेश लागले की आपल्याला ऐकवतात. गुणवत्ता! तर ऐका आमच्या धंद्यातली गोष्ट. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त. तिथं अस्पृश्याला येऊ देत नव्हते. का? तर धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढावं लागे, आणि आपल्या तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला विटाळ. कामगार कामगार भाऊ म्हणणारेही त्यावर गप्प. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न वेशीवर टांगला. आता त्या काळातल्या उत्तम विणकरांची कुणी यादी केली आणि तीत आपला एक माणूस नाही, तर काय म्हणायचं? आपल्या बोटांत कसब नव्हतं?

पण दोस्तहो, बोट आपल्याकडंही वळवायला हवं. जॉन्सन १९०८ ते १९१५ विजेता होता. एवढ्या काळात त्यानं एकाच काळ्या बॉक्सरला किताबाची लढत दिली, तीही पॅरिसला, १९१३ च्या डिसेंबरात. सॅम लँगफर्ड, जो जेनेट हे त्या काळचे वाघ. ते वाटच बघत राहिले. गोऱ्याशी लढलं की पैसा जास्त. ज्या दारावर जॉन्सननं स्वतः लाथा घातल्या, तेच आत गेल्यावर लावून घेतलं. लँगफर्ड पुढं आंधळा झाला आणि हार्लेममध्ये दारिद्र्यात सापडला. आपल्यातून खुर्चीवर गेलेल्यांची नावं मी घेत नाही, तुमच्या जिभेवर ती आलीच असतील. त्यांना विचारा, तुमचा लँगफर्ड कोण?

तरी माझा पहिला नंबर विचाराल तर अली. २८ एप्रिल १९६७ ला ह्यूस्टनमध्ये त्यानं व्हिएतनामच्या लढाईसाठी भरती व्हायला नकार दिला. वय २५, अंगात जोर भरलेला. किताब काढून घेतला, पाच वर्षांची शिक्षा ठोठावली. १९७० च्या ऑक्टोबरपर्यंत त्याला रिंगणात पाऊल टाकू दिलं नाही. १९७१ साली सुप्रीम कोर्टानं शिक्षा रद्द केली, गेलेली वर्षं कुणी परत दिली नाहीत. त्याच्या नोंदवहीत ती साडेतीन वर्षं कोरी आहेत. त्या कोऱ्या जागेला मी पहिला नंबर देतो. पण याच अलीनं जो फ्रेझरला, कत्तलखान्यात राबून वर आलेल्या काळ्या भावाला, गोरिला म्हणून हिणवलं. प्रेमापोटी तेही झाकायचं नाही.

याद्या करा, जरूर करा. फक्त प्रत्येक यादीला एक रकाना वाढवा: दाराबाहेर कोण होतं? तो भरल्याशिवाय कुणाचाही पहिला नंबर मान्य करू नका. आपलाही नाही.

जयभीम.