टणटणीचे तेल : नेमके कोणते?

अकोले तालुक्यात भंडारदरा-हरिश्चंद्रगडाच्या परिसरात टणटणी, म्हणजेच घाणेरी, किती माजली आहे हे आपल्या जिल्ह्यातील वैद्यांना सांगावयास नको. फुकट मिळणारे हे तण औषधात का घेऊ नये, अशी पृच्छा आमच्याकडे वारंवार होते. आणि पुष्ट्यर्थ पानांच्या उडनशील तेलाचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा अहवाल पुढे केला जातो.

अहवालातील नावे ओळखीची असतात. कॅरिओफायलीन लवंगेत व मिरीत आहे, सिनिओल वेलचीत व निलगिरीत. परंतु तो अहवाल बाटलीतील तेलाचा आहे, पानाचा नव्हे. पानातील लॅन्टाडीन ए व बी ही ट्रायटर्पीन वर्गातील द्रव्ये वाफेबरोबर उडत नाहीत. ऊर्ध्वपातनानंतर ती चोथ्यात राहतात. टणटणी चरलेल्या गुरांचे यकृत बिघडते, त्यांना कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते, ते मुख्यतः यांच्यामुळेच. अहवालात त्यांचा उल्लेख नसतो, कारण ती त्या तेलात उतरलेलीच नसतात.

आता आपला स्नेहपाक पाहा. पानांचा कल्क तिळतेलात मंदाग्नीवर सिद्ध केला असता सुगंधी अंश बराचसा उडून जातो आणि स्नेहात विरघळणारी लॅन्टाडीन तेलात उतरण्याचा संभव राहतो. हवे ते गेले, नको ते राहिले! दोन्ही वस्तूंना आपण 'टणटणीचे तेल'च म्हणतो, हा खरा घोळ आहे. चूर्णात तर सबंध पानच रुग्णाच्या पोटात जाते.

ग्रंथाधाराचे म्हणाल, तर ही अमेरिका खंडातील वनस्पती 19व्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली. भावमिश्रांनी ती पाहिली असणे शक्य नाही. संस्कृत नाव जोडल्याने रस-वीर्य-विपाक सिद्ध होत नाहीत. नव्या द्रव्याला आमचा विरोध नाही; परदेशातून आलेली चोपचिनी भावमिश्रांनीच स्वीकारली, पण गुणकर्म सांगून.

शिवाय हे उडनशील तेलही सर्वत्र सारखे नसते. स्थळ व ऋतू बदलला की घटकांचे प्रमाण बदलते. उत्तर भारतातील काही झुडपांत तर डॅव्हॅनोन हा वेगळाच घटक प्रमुख आढळला आहे. दुसऱ्या प्रांतातील अहवाल अकोल्याच्या मालाला लावणे म्हणजे एकाचे नाडीपरीक्षण करून दुसऱ्यास औषध देणे होय.

म्हणून फार्मसीचालकांनी पुरवठादाराकडे त्याच घाण्याचा अहवाल मागावा आणि सिद्ध तेलात लॅन्टाडीन उतरले काय, याची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी. ती होईपर्यंत टणटणी आभ्यंतर प्रयोगात घेऊ नये, आणि जखमेवर लावण्याच्या तेलातही घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.