पराभवाचे कौतुक पुरे!

हरणाऱ्या संघाच्या चाहत्याविषयी लिहिताना लेखकमंडळींची लेखणी फार लवकर ओली होते. 'निष्ठा', 'श्रद्धा', 'निरपेक्ष प्रेम' असे शब्द आपोआप उतरू लागतात आणि तो चाहता वारकऱ्याच्या थाटात आपल्यासमोर येतो: देव पावो न पावो, वारी चुकवायची नाही. दुसऱ्या बाजूला आमच्यासारखे प्राध्यापकी पेशातले लोक असतात. त्यांच्या लेखी चाहता म्हणजे बाजाराने भुलवलेला भाबडा गिऱ्हाईक, आणि त्याची मते म्हणजे निव्वळ आरडाओरडा. हे दोन्ही पक्ष एकमेकांना तुच्छ लेखतात, पण एका मुद्द्यावर त्यांचे पूर्ण एकमत आहे. चाहत्याला भावना असते, मत नसते, असे दोघेही मानतात. आमचा विरोध या एकमताला आहे. उदाहरणासाठी आम्ही क्रिकेट मुद्दामच टाळतो, कारण त्याविषयी आपल्याकडे कोणीच तटस्थ नसतो. आम्ही घेतो तो अमेरिकेतील ओहायो राज्यातला, क्लीव्हलँड ब्राउन्स हा व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचा संघ.

हा संघ जन्मजात दुर्दैवी नव्हता, हे आधी नोंदवले पाहिजे. १९४६ साली पॉल ब्राउन या प्रशिक्षकाच्या हाताखाली तो उभा राहिला. पहिल्या चार वर्षांत त्याने त्या वेळच्या प्रतिस्पर्धी लीगची चारही विजेतेपदे जिंकली. १९५० मध्ये तो नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) आला आणि त्याच वर्षी तिथलाही विजेता ठरला. त्यानंतर १९५४, १९५५ आणि १९६४ ही आणखी तीन विजेतेपदे, आणि मग आजतागायत एकही नाही. 'सुपर बोल' या अंतिम सामन्यापर्यंत हा संघ एकदाही पोहोचलेला नाही.

या अपयशाचे एक पुराणच रचले गेले आहे. जानेवारी १९८७ मध्ये डेन्व्हरच्या जॉन एल्वेने शेवटच्या मिनिटांत ९८ यार्डांची मजल मारून हातातला सामना हिरावला, त्याचे नाव 'द ड्राइव्ह'. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९८८ मध्ये, अर्नेस्ट बायनरच्या हातून गोलरेषेजवळ चेंडू निसटला, तो 'द फंबल'. प्रत्येक पराभवाला विशेषनाम आहे, प्रत्येक विशेषनामाची आख्यायिका आहे. साहित्याच्या अभ्यासकाला इथे मोह होतो आणि तो 'शोकांतिका' हा शब्द वापरून मोकळा होतो.

हा शब्द इथे वापरणे आम्हाला गैर वाटते. शोकांतिकेत नायकाच्या कृतीची किंमत नायकालाच मोजावी लागते. ब्राउन्सच्या कथेत मात्र निर्णय घेणारा एक आणि किंमत मोजणारा दुसरा. दैवाचे नाव घेतले की माणसांची नावे आपसूक पुसली जातात. 'आमच्या नशिबातच नाही' या वाक्यात कर्ता नाही, आणि कर्ता नसलेले वाक्य मालकाला नेहमीच सोयीचे असते.

या व्यवसायाची रचनाच पाहा. एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत. दूरचित्रवाणीच्या राष्ट्रीय करारांतून येणारा पैसा त्यांच्यात समान वाटला जातो. जिंकणाऱ्याला जेवढा, तेवढाच हरणाऱ्याला. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाला गेलेला संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो. इथे तशी शिक्षा नाही, उलट पुढच्या वर्षीच्या नव्या खेळाडूंमधून निवड करण्याचा पहिला मान सर्वांत वाईट संघाला मिळतो. दुर्बळाला सबळ करण्याचा हा हेतू वरकरणी समतेचा आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण त्याचा दुसरा अर्थही तितकाच खरा आहे: हरल्याने मालकाचे फारसे काही बिघडत नाही. २०१६ च्या हंगामात ब्राउन्सने सोळापैकी एक सामना जिंकला, २०१७ मध्ये एकही नाही. प्रशिक्षक ह्यू जॅक्सन यांचा दोन वर्षांचा हिशेब १ विजय आणि ३१ पराभव असा झाला, तरीही २०१८ चा हंगाम त्यांच्याच हाती सोपवला गेला. यात दैव कुठे आले?

आता निष्ठेचे बोलू. ६ नोव्हेंबर १९९५ रोजी तत्कालीन मालक आर्ट मोडेल यांनी संघ बाल्टिमोरला नेत असल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलँडच्या मतदारांनी स्टेडियमच्या नूतनीकरणासाठी दारू-तंबाखूवरील कर पुढे चालू ठेवण्याच्या बाजूने मोठ्या बहुमताने कौल दिला. निष्ठेची याहून मोठी परीक्षा कोणती? ती उत्तीर्ण होऊनही संघ गेलाच. चाहत्यांनी आणि शहराने लढून एवढे मात्र मिळवले की संघाचे नाव, रंग आणि इतिहास क्लीव्हलँडमध्येच राहिला. बाल्टिमोरला गेलेल्या संघाने 'रेव्हन्स' हे नाव घेतले आणि जानेवारी २००१ मध्ये सुपर बोल जिंकला. क्लीव्हलँडला १९९९ साली नव्याने बांधलेला ब्राउन्स संघ मिळाला. म्हणजे खेळाडू गेले, मालक गेला, मागे उरली ती स्मृती, आणि ती राखली चाहत्यांनी. तरीही मत द्यायचा अधिकार त्यांना नाही म्हणे!

इथे आपल्या भाषेची एक खुबी उपयोगी पडते. क्लीव्हलँडचा चाहता 'वी लॉस्ट' म्हणतो. इंग्रजीतल्या त्या एका 'वी'साठी मराठीत दोन शब्द आहेत: 'आपण' आणि 'आम्ही'. 'आपण'मध्ये ऐकणाराही येतो, 'आम्ही' त्याला बाहेर ठेवतो. तिकिटे विकताना, स्टेडियमसाठी सार्वजनिक पैसा मागताना मालक 'आपण'ची भाषा बोलतो. निर्णय घेताना तोच 'आम्ही' होतो. २०२५ मध्ये ओहायो राज्याच्या अर्थसंकल्पात ब्राउन्सच्या ब्रूक पार्क येथील नियोजित स्टेडियमसाठी ६० कोटी डॉलर ठेवण्यात आले, तेही लोकांच्या दावा न केलेल्या ठेवींमधून. खर्चात 'आपण', मालकीत 'आम्ही'. चाहत्याचे मत म्हणजे या व्याकरणावर घेतलेला आक्षेप होय. तो हरल्याबद्दल रडत नसतो, सर्वनामाचा हिशेब मागत असतो.

हे मत किती नेमके असू शकते, याचा पुरावा ६ जानेवारी २०१८ चा. सोळाही सामने हरल्यानंतर कडाक्याच्या थंडीत चाहत्यांनी स्टेडियमभोवती 'परिपूर्ण हंगामा'ची मिरवणूक काढली. प्रदक्षिणेचा आकार होता शून्याचा. विजयाच्या मिरवणुकीचे सारे संकेत उचलायचे आणि ते पराभवावर चढवायचे, हे विडंबन आहे. आम्ही वर्गात विडंबनाची लक्षणे फळ्यावर लिहून देतो. त्या लोकांनी ती रस्त्यावर उभी केली. संघातल्या काहींना ही मिरवणूक झोंबली. झोंबणारच, उपहासाचे काम तेच असते. पण तिला 'निष्ठाहीन' ठरवणारे टीकाकार विसरतात की परक्याला एवढा त्रास घेऊन थट्टा करावीशी वाटत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न विजयाच्या आशेचा आहे. मार्च २०२२ मध्ये ब्राउन्सने डेशॉन वॉटसन या क्वार्टरबॅकला आणले. त्यासाठी तीन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी दिल्या आणि पाच वर्षांसाठी २३ कोटी डॉलरची संपूर्ण हमी दिली. त्या वेळी वीसहून अधिक महिलांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे दाखल केले होते. त्याने आरोप नाकारले, टेक्ससमधल्या ग्रँड ज्युरींनी फौजदारी आरोप ठेवले नाहीत. पुढे लीगने मात्र त्याच्यावर ११ सामन्यांची बंदी आणि ५० लाख डॉलरचा दंड बसवला. त्या दिवसांत शहरातील अत्याचारपीडितांना मदत करणाऱ्या संस्थेकडे देणग्यांचा ओघ लागला. अनेक चाहत्यांनी उघड सांगितले, की असा विजय आम्हाला नको. संघ अजून एकही सामना हरला नव्हता, तेव्हाचे हे मत आहे. निकालावर हेलकावे खाणाऱ्या भावनेला असा निवाडा करता येत नाही. त्यासाठी निकालाबाहेरचा निकष लागतो. निकष आला की समीक्षा आली.

आमच्यावर प्रतिप्रश्न येईल, आणि तो योग्य आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये हाच वॉटसन जखमी होऊन मैदानावर पडला तेव्हा घरच्याच प्रेक्षकांतील काहींनी हुर्यो उडवली, आणि संघसहकाऱ्यांनी त्याचा निषेध केला. यालाही समीक्षा म्हणायचे काय? मुळीच नाही. २०२२ मध्ये संघव्यवस्थापनाच्या निर्णयावर बोट ठेवणारा आणि २०२४ मध्ये मोडलेल्या शरीरावर हसणारा, या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मतामतांत असा भेद करता यावा म्हणूनच मत हे मत म्हणून वाचले पाहिजे. सगळाच आरडाओरडा मानला तर क्रौर्य आणि विवेक एकाच गोणीत जातात. जे मत कर्त्याचे नाव घेते, निकष सांगते आणि विजयाच्या दिवशीही तोच निकष लावते, ते समीक्षेचे मत. या कसोटीला पुष्कळ चाहते उतरणार नाहीत. पुष्कळ समीक्षकही उतरत नाहीत.

साहित्याच्या वर्गाशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध थेट आहे. रसचर्चेत 'सहृदय' या शब्दाला आम्ही केवढा मान देतो! आणि एखादा विद्यार्थी मान्यवर लेखकाची कादंबरी 'फसली आहे' म्हणाला, की त्याचे वाचन कमी पडते असे ठरवून मोकळे होतो. त्याने स्तुती केली तर तो रसिक, दोष दाखवला तर अपरिपक्व. क्लीव्हलँडचे मालक चाहत्याशी जे करतात तेच आपण वाचकाशी करत असतो: त्याचे प्रेम जमा करून घेतो आणि त्याचा निवाडा परत पाठवतो. ज्याने दशकानुदशके एका गोष्टीवर वेळ, पैसा आणि मन खर्च केले आहे, त्याला ती गोष्ट कुठे बिघडली हे कळत नाही, असे मानायला कोणताच आधार नाही. हरणाऱ्या संघाच्या चाहत्याला आमची सहानुभूती नको आहे. त्याचे म्हणणे खोडून काढायचे असेल तर खोडावे. पण आधी ते पूर्ण ऐकून घ्यावे.