अखंड आंस आणि घरची भट्टी

मोटारीच्या पुढच्या दोन चाकांना मिळून एकच अखंड लोखंडी आंस असावा, कीं प्रत्येक चाक आपापल्या बाहूवर मोकळें खेळावें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं केवळ मेस्त्रीलोकांचा वाटेल. शाळेच्या वार्षिकांत त्याला जागा कशाला, असेंही कोणी विचारील. परंतु दवनीवाड्यासारख्या गांवीं पिकअप गाडी ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. धानाचीं पोतीं, खताच्या गोण्या, आजारी माणूस, लग्नाचें वऱ्हाड आणि रोवणीच्या दिवसांत बायांचा जथा, हें सारें तीच वाहते. परदेशांतील हौशी लोक आपल्या अंगणांत अशा गाडीचा पुढचा भाग उलगडून तिच्याखालीं दुसऱ्या गाडीचा अखंड आंस बसवितात. त्याचीं चलच्चित्रें आमचे तरुण मोबाइलवर पाहतात आणि "हें आपल्यालाही साधेल" असें म्हणूं लागतात. त्यांना नुसतें "नको" म्हणणें सोपें आहे. मला तसें म्हणावयाचें नाहीं; पण "हो" म्हणण्यापूर्वीं कांहीं अटी घालावयाच्या आहेत, आणि त्यांतली एक अट तरुणांवर नसून सरकारवर आहे.

आंस म्हणजे काय हें आमच्याकडील मुलांस शिकवावें लागत नाहीं. बैलबंडीचा आंस त्यांनीं लहानपणापासून पाहिलेला असतो. एक चाक धुऱ्यावर चढलें कीं सगळी बंडी दुसऱ्या अंगास कलते, कारण बंडीचा सांगाडा आंसाला पक्का बांधलेला असतो. ट्रॅक्टरचा पुढचा आंस मात्र मधोमध एका खिळीवर डोलतो. चाक धुऱ्यावर चढलें तर आंस तिरपा होतो, ट्रॅक्टर बराचसा सरळ राहतो आणि चारही चाकें जमीन धरून असतात. जुन्या जीपचा पुढचा आंस या दोहोंच्या मधला होय. तो अखंड असतो, पण गाडीच्या चेसिसला पोलादी पाट्यांनीं जोडलेला असल्यामुळें एक चाक उचललें गेलें कीं दुसरें खालीं दाबलें जाऊन जमीन शोधतें. सुटे भाग थोडे, बांधणी दणकट, आणि बिघाड झाल्यास खेड्यांतल्या लोहारालाही समजेल अशी.

स्वतंत्र चाकांची रचना निराळी. तींत प्रत्येक चाक वरच्या व खालच्या अशा दोन बाहूंवर वेगळें हलतें. डाव्या चाकाला खड्डा लागला तर उजव्याला त्याची वार्ता नसते. अमेरिकेंतील जनरल मोटर्सनें १९३४ सालीं आपल्या गाड्यांना अशीं पुढचीं चाकें दिलीं. फोर्डनें मात्र आपला जुना आडवा आंस १९४८ च्या गाड्यांपर्यंत सोडला नाहीं. ज्यांनीं नवी रचना आणली त्यांना कांहीं केवळ मऊ गादीचें सुख द्यावयाचें नव्हतें. अखंड आंसाच्या गाडीचा वेग वाढला कीं पुढचीं चाकें थरथरूं लागत आणि चालकाच्या हातांतलें चक्र झटके देई. त्या दुखण्यावरही हा उपाय होता. घरीं जुना आंस पुन्हां बसविणारा मनुष्य तें जुनें दुखणेंही घरीं आणीत असतो, हें त्यानें आधींच ओळखून असावें.

तथापि अखंड आंस म्हणजे टाकाऊ वस्तु, असेंही समजूं नये. १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीनें पुढील कांहीं वर्षांतच ज्या विलीज जीपा मुंबईंत जुळविण्यास आरंभ केला, त्यांना पुढें व मागें अखंड आंसच होते. १९८५ सालीं आलेल्या मारुति जिप्सीला तेच होते. २०२३ सालीं भारतांत विक्रीस आलेल्या जिम्नीलाही तेच आहेत. मोठ्या मालट्रकांच्या पुढें तर आजही आडवा आंसच दिसतो. उलट २०१० सालची थार पाहा: नांव आणि रूप जीपच्या कुळाचें, पण पुढचीं चाकें स्वतंत्र. २०२० च्या नव्या थारमध्येंही स्वतंत्रच. टोयोटानें अमेरिकेंत विकलेल्या चार चाकांनीं ओढणाऱ्या पिकअपला १९८५ पर्यंत पुढें अखंड आंस होता, १९८६ पासून स्वतंत्र चाकें आलीं; आणि तेथील हौशी लोकांनीं नव्या गाडीखालीं जुना आंस घालण्याचा सपाटा लावला तो तेव्हांपासून. अर्थात् ज्या उद्योगाचें आमच्या मुलांना आज नवल वाटतें त्याला तेथें कित्येक वर्षांचा सराव आहे, आणि त्या कामासाठीं लागणारे तयार भागही तेथें विकत मिळतात.

आतां हें आमच्या भूमीला कितपत लागू पडतें? पावसाळ्यांत कन्हार जमिनीचा चिखल चाकाला गच्च चिकटतो आणि पांदणींत ट्रॅक्टरनें खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात. अशा ठिकाणीं दणकट आंस उपयोगी पडेल, हें खरें. पण त्याच आंसाच्या पोटांत दातेरी चाकांचा जो मोठा गोळा असतो, ज्याला मेस्त्री हाऊसिंग म्हणतात, तोच दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर टेकून गाडी अडकते, हेंही खरें. शिवाय आमच्याकडील बहुतेक पिकअप गाड्या मागल्या दोन चाकांनींच ओढतात. पुढचीं चाकें ओढीतच नाहींत तर त्यांचा आंस बदलून चिखल कसा जिंकावा, हें मला तरी उमगत नाहीं. अशा गाडीला चांगल्या नक्षीचे टायर, आणि गांवाला खडी घातलेली पांदण, यांचा उपयोग अधिक. परंतु हौस ही नेहमीं हिशेब करून येत नाहीं, आणि हौसेनें शिकलेली विद्या पुष्कळदां हिशेबापेक्षां मोलाची ठरते, म्हणून पुढें लिहितों.

या कामांत कठीण काय आहे? बोल्ट सोडणें नव्हे, आणि जड आंस उचलून बसविणें हेंही नव्हे. तें चार गडी आणि एक जॅक यांनीं होतें. कठीण आहे तें माप. सायकलचा पुढचा चिमटा तिरकस असतो. हात क्षणभर सोडले तरी चाक सरळ राहूं पाहतें त्यांत त्या कलाचा मोठा वांटा आहे. मोटारीच्या पुढच्या चाकाची जी कळ असते, तिचाही वरचा भाग असाच किंचित् मागें कललेला ठेवावा लागतो. पाट्यांच्या बैठका जोडतांना दोनतीन अंशांची चूक झाली तरी तो कल नाहींसा होतो. मग वळण घेतल्यावर स्टीअरिंग आपोआप परत येत नाहीं, आणि वेग वाढतांच चाकें थरथरतात. ही चूक डोळ्यांना दिसत नाहीं, कोनमापकालाच दिसते.

दुसरी गोष्ट याहून अवघड. स्टीअरिंगच्या पेटीपासून चाकाकडे जाणारा दांडा वरखालीं होतो तो एका कमानींत, आणि आंस वरखालीं होतो तो दुसऱ्या कमानींत. कारखान्यांत या दोन कमानी कागदावर आंखून एकमेकींशीं जुळवितात. घरीं त्या जुळल्या नाहींत तर खड्डा येतांच, चालकानें हातही न हलवितां, गाडी आपण होऊन एका अंगास वळते. मोकळ्या माळावर याचें हसूं येईल. समोरून धानाचा ट्रक येत असतां येणार नाहीं.

चार चाकांनीं ओढणाऱ्या गाडींत आणखी एक त्रैराशिक आहे. पुढच्या आंसांतील आणि मागच्या आंसांतील दात्यांचें प्रमाण एकच असावें लागतें. मोठ्या चाकास ४१ दाते आणि लहानास १० असतील तर प्रमाण ४.१ झालें, मागें तें असेल तर पुढेंही तेंच हवें. भंगारांतून आणलेल्या आंसावर हें लिहिलेलें असेलच असें नाहीं. तेव्हां दोनही चाकें एकत्र एक पुरा फेरा फिरवावीं आणि मधला दांडा किती फेरे घेतो तें मोजावें. जो हें न मोजतां आंस जोडतो त्याच्या गाडीचीं पुढचीं चाकें कोरड्या डांबरी रस्त्यावर मागच्या चाकांशीं भांडत राहतात, आणि त्या भांडणांत मधल्या पेटींतील दाते मोडतात. गणिताच्या तासाला "याचा उपयोग काय" असें विचारणाऱ्या मुलांस हें उत्तर म्हणून सांगावें.

ब्रेकच्या नळीविषयीं दोनच शब्द. चाक पूर्ण खालीं लोंबेल तेव्हां नळी ताणली जातां कामा नये. ती आंखूड राहिली तर एखाद्या दिवशीं तुटेल, आणि तो दिवस बहुधा उताराचा असेल.

आणि शेवटीं डांक, म्हणजे वेल्डिंग. येथें सर्वांत अधिक फसगत होते. वरून शिवण रेशमासारखी सुबक, पण आंत धातु मुरलेलाच नाहीं, असा जोड बाहेरून ओळखतां येत नाहीं. खेड्यांत विजेचा दाब खालींवर होतो, त्याबरोबर ठिणगीचा जोरही कमीअधिक होतो. फाटकाला असा जोड चालतो. फाटक निखळलें तर उद्यां पुन्हां लावतां येतें. पाट्याची बैठक चेसिसपासून निखळली तर पुढचा सगळा आंस एका बाजूनें मागें सरकतो, आणि गाडी कोणाच्याच ताब्यांत राहत नाहीं.

ज्याच्या गाडीची मोडतोड त्यालाच भोगावयाची असती तर मीं एवढें लिहिलें नसतें. स्वतःच्या हाडांशीं खेळण्याचा अधिकार तरुण नेहमींच मागत आले आहेत. पण रोवणीच्या हंगामांत त्याच पिकअपच्या मागल्या हौद्यांत पंधरा-वीस बाया उभ्या असतात. मालाच्या गाडींत मजूर असे भरून नेणें नियमांत बसत नाहीं. तरी तें घडतें, कारण दुसरें वाहन नसतें आणि रोवणी थांबत नाहीं. आंस उंच बसविला कीं गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, आणि हौद्यांत माणसें उभीं राहिलीं कीं तो आणखी वर चढतो. त्या बायांना चाकाचा कल माहीत नाहीं, दोन कमानींचा मेळ माहीत नाहीं. त्यांना हजेरीचे पैसे आणि घरीं परतण्याची वेळ एवढेंच माहीत असतें. घरच्या भट्टीवर केलेल्या कामाची खरी परीक्षा त्यांच्या जिवावर व्हावी, ही गोष्ट मला मान्य नाहीं.

कायदाही हेंच म्हणतो, पण तो दार लावून घेऊन म्हणतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणें, कारखानदारानें जी रचना ठरविली आणि जी नोंदणीपत्रांत लिहिली गेली, तिच्याशीं विसंगत बदल मालकानें करूं नये. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें केरळांतील एका प्रकरणांत हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें आलेल्या कलम १८२-अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकास प्रत्येक बदलामागें ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोनही होऊं शकतात. पण याच कलम ५२ नें कांहीं अपवादही ठेवले आहेत: ठरीव साहित्य वापरून इंधन बदलतां येतें, आणि अपंग व्यक्तीसाठीं गाडी तिच्या सोयीची करून घेतां येते. म्हणजे "तपासून परवानगी" ही कल्पना आमच्या कायद्याला परकी नाहीं. ती घरच्या कारागिराच्या उंबऱ्यापर्यंत आलेली नाहीं, इतकेंच.

सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे गांवच्या दत्तात्रय लोहार यांची गोष्ट या संदर्भांत आठवते. त्यांनीं भंगारांतील भाग जमवून जीपसारखी एक लहान चारचाकी स्वतः बनविली. दुचाकीप्रमाणें लाथ मारून ती सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्यें उद्योगपति आनंद महिंद्र यांनीं तिची जाहीर प्रशंसा केली, आणि ही गाडी नियमांत बसत नसल्यामुळें अधिकारी ती आज ना उद्यां थांबवितील हें ओळखून तिच्या बदल्यांत बोलेरो देऊं केली. जानेवारी २०२२ मध्यें ती लोहारांना मिळाली. देणाऱ्याचें औदार्य आणि घेणाऱ्याचें कसब, दोनही निर्विवाद आहेत. पण मला त्या आनंदांतही एक उणीव भासली. त्या गाडीचा ब्रेक किती अंतरांत लागतो, तिचा जोड किती भार सोसतो, तिच्यांत काय सुधारावें, हें अधिकारानें सांगणारें ठिकाण लोहारांसारख्या घरच्या कारागिराच्या आवाक्यांत नव्हतें. बक्षीस देणारा भेटला. परीक्षक भेटला नाहीं.

जर्मनींत बदललेली गाडी अधिकृत तपासनीसापुढें न्यावी लागते. त्यानें ती पसंत केली तर बदलाची नोंद गाडीच्या कागदांत होते, नाहीं तर ती रस्त्यावर येत नाहीं. ऑस्ट्रेलियांतही मोठ्या बदलासाठीं अधिकृत इंजिनियराचा दाखला लागतो. तेथील हौशी मनुष्य म्हणून कांहीं कमी हौशी झालेला नाहीं. तो अधिक काळजीनें मोजतो, कारण आपलें माप कोणीतरी पुन्हां मोजणार हें त्याला माहीत असतें. आमच्याकडे मात्र सरसकट मनाई असल्यामुळें काम थांबत नाहीं, फक्त लपून होतें. आणि लपून केलेलें काम कोणीही पारखीत नाहीं.

म्हणून तरुणांना माझें सांगणें असें. गाडी अवश्य उलगडा. भंगारांतला आंस आणा, त्याचे दाते मोजा, त्याचा कल मोजा, कागदावर दोन कमानी आंखा. ज्यांच्या नांवानें ही शाळा चालते ते सुताराच्या घरीं वाढले. हात काळे करण्याची लाज येथें कोणी बाळगूं नये. पण तो आंस बसविलेली गाडी शेताच्या बाहेर काढूं नका, आणि शेतांतही तिच्यांत माणसें बसवूं नका, पोतीं भरा.

आणि सरकारला सांगणें असें कीं, गोंदियाच्या परिवहन कार्यालयानें जिल्ह्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे शिक्षक बरोबर घेऊन अशा कामांची तपासणी करावी, आणि त्यासाठीं कलम ५२ मध्यें आणखी एक अपवाद घालावा. कोनमापक, ब्रेकची चांचणी, जोडाची परीक्षा आणि वजनाचा काटा, एवढ्यावर प्रारंभ होईल. नापास गाडीचा मालक काय चुकलें तें लेखी घेऊन घरीं जाईल, दंडाची पावती घेऊन नव्हे. असा तपासनीस आठवड्यांतून एक दिवस बसला तरी तूर्त पुरे; रोवणीच्या आधींच्या महिन्यांत मात्र दोन दिवस बसावा.